विकतचे ओरखडे

आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, बहीण माहेरी आली, तिच्यासोबत पुण्याचा भाचा आला आणि भाच्याच्या पाठीवर बास गिटार आली. पोरगा गुणी आहे. नोकरी सांभाळून रोज तासभर वाजवतो, मनापासून वाजवतो. संध्याकाळी ओट्यावर खाट टाकली, त्यानं पिशवीची चेन उघडली आणि वाद्य बाहेर काढलं. मी बघतच राहिलो. रंग जागोजागी उडालेला. वरच्या काठाला तळहाताएवढं लाकूड उघडं पडलेलं आणि त्याला धुरकट तपकिरी कळा. पाठीवर पट्ट्याच्या बकलाचे खरचटे. स्क्रू गंजलेले. लाखेवर आटलेल्या तळ्याच्या गाळासारख्या बारीक भेगा.

तेवढ्यात शेजारचे नाना आले. नाना पंचवीस-तीस वर्षं बास वाजवतात. आधी ऑर्केस्ट्रात वाजवायचे, आता बेंजो पार्टीच्या गाडीवर. त्यांनी वाद्य हातात घेतलं, उलटंपालटं केलं, मानेवरून अंगठा फिरवला आणि फार आदरानं विचारलं, “हाई कोन वाजाडे?”

कोण वाजवायचं हे आधी?

“कोणीच नाही, नाना. नवीच आहे. तीन महिने झाले घेऊन.”

नानांना उलगडेना. मग भाच्यानं समजावून सांगितलं. कारखान्यातूनच अशी येते. आधी नवा रंग देतात, मग कारागीर तो घासून, खरवडून काढतात, आणि त्या खरवडण्याचे पैसे वेगळे पडतात. किंमत साडेतीन लाखांच्या वर. नानांनी ती दोन्ही हातांनी अलगद खाटेवर ठेवली आणि पुढे एक शब्द बोलले नाहीत.

नानांचा तो प्रश्न आठवडाभर माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या वाद्याला ‘कोण वाजवायचं’ विचारलं तर उत्तरच नाही, त्याच्या अंगावर वाजवणाऱ्याच्या खुणा का? हे मला पटत नाही, आणि का पटत नाही ते आज स्पष्ट लिहितो.

धंद्यात या प्रकाराला ‘रेलिक’ म्हणतात. मूळ शब्द धर्मातला आहे. जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या ज्या अवशेषांचं दर्शन दर दहा वर्षांनी भाविकांना घडवतात, त्या अवशेषांना हा शब्द लावतात. एक माणूस जगला, झिजला, गेला आणि मागे जे उरलं ते रेलिक. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीनं 1995 च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या वाद्यांच्या व्यापारी मेळ्यात अशा मुद्दाम जुनाट केलेल्या गिटारी मांडल्या आणि त्यांना हे नाव दिलं. सुरुवातीच्या वर्षांत ही झीज चढवण्याचं काम मिसुरी राज्यातला व्हिन्स क्युनेटो नावाचा कारागीर करत असे. पॉलिश पेपरनं कोपरे उडवायचे, ब्लेडनं रेघा मारायच्या, थंडगार फवारा मारून लाख तडकवायची, धातूच्या भागांना आम्लाची वाफ द्यायची, उघड्या लाकडात गडद रंग मुरवायचा. हात कसबी आहे यात शंका नाही. माझं भांडण त्या हाताशी नाही.

पुढे 2009 साली त्याच कंपनीनं मेक्सिकोतल्या कारखान्यात बनलेली थोडी स्वस्त मालिका काढली. तिचं नाव ‘रोड वॉर्न’, म्हणजे रस्त्यावर झिजलेली. त्यात बासही होत्या. या नावाचा मला राग येतो. साक्रीत राहणाऱ्याला रस्ता म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सुरत-नागपूर महामार्ग आमच्या दारातून जातो. नानांची बास टेम्पोत स्पीकरच्या खोक्याखाली, ढोलकीच्या शेजारी पडून पिंपळनेरला गेली आहे, दहिवेलला गेली आहे, निजामपूरला गेली आहे, कोंडाईबारीचा घाट उतरून नवापूरपर्यंत गेली आहे. मे महिन्यातली ऊन चढलेली वरात, खांद्यावर चार किलोचं वाद्य, पायाखाली हलणारी गाडी आणि रात्री दोनला कुणाच्या तरी मांडवात गार झालेलं वरण-बट्टी. रस्त्यावर झिजणं याला म्हणतात. ज्या वाद्यानं कारखान्याचं फाटकही ओलांडलेलं नाही त्याच्यावर हे नाव छापणं खोटं आहे.

दुसऱ्या दिवशी मी नानांची बास मागून आणली आणि दोन्ही शेजारी-शेजारी ठेवल्या. नानांची कलकत्त्याची बनावट, नाशिकच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनी घेतलेली. तासभर नुसतं पाहत बसलो.

नानांच्या बासवरच्या प्रत्येक खुणेला कारण आहे. वरच्या काठाचा रंग उजव्या हाताच्या घामानं गेला आहे, आणि तो सरळ रेषेत गेलेला नाही. कोपराकडे जास्त, मनगटाकडे कमी, कारण नाना हात थोडा तिरका टाकतात. मानेवर तिसऱ्या ते सातव्या पट्टीपर्यंतचं लाकूड काळं-तुकतुकीत आहे, त्याच्या पुढे जवळजवळ कोरं. लग्नातली गाणी त्याच भागात फिरतात, वर जायची वेळ क्वचित येते. खालच्या टोकाला ठेचल्याची खूण आहे, गाडीच्या फाळक्यावर ती बास टेकवून उतरवतात म्हणून. आणि पिकअपच्या वरच्या अंगाला लाकडात एक खळगा पडला आहे. रुपयाएवढा. बासवाला दोन बोटांनी तार छेडतो तेव्हा अंगठा कुठेतरी टेकवतो. नानांनी तो पंचवीस वर्षं एकाच जागी टेकवला. आधी लाख गेली, मग रंग गेला, मग लाकूड दबत गेलं.

भाच्याच्या बासवर तो खळगा नाही. काठावरचं लाकूड उघडं आहे, बकलाचे खरचटे आहेत, पण अंगठ्याच्या जागी रंग साबूत. मानेवरची काळपट छटा पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत सारखी. म्हणजे ज्यानं ही झिजवली त्यानं झीज पाहिली होती, पण ती वाजवणाऱ्याच्या सवयीतून कशी येते ते त्याला दाखवता आलं नाही. येणारही नाही. कारण ही सवय एका माणसाची असते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. इथे घाव सगळे आहेत, सोसणारा कोणी नाही.

भाचा हुशार आहे, त्याची बाजू त्यानं नीट मांडली. त्याचं म्हणणं जसंच्या तसं सांगतो, कारण त्यातलं काही खरं आहे.

“मामा, नव्या कोऱ्या वाद्याला पहिला ओरखडा पडेपर्यंत जीव टांगणीला लागतो. ही हातात घेतली आणि भीतीच गेली.” हे मला कळतं. नव्या मोटरसायकलचं तेच होतं. पण ही भीती घालवायला साडेतीन लाख कशाला लागतात? पहिला ओरखडा पडू दे. तो तुझा असेल.

“मानेच्या कडा गोल केलेल्या असतात, हाताला मऊ लागतं.” मान्य, पूर्ण मान्य. वाजवून गुळगुळीत झालेल्या मानेचं सुख वेगळंच, आणि कारागिरानं ते सुख आधीच करून दिलं तर त्याचे पैसे द्यायला हरकत नाही. विळ्याची मूठ सुतार घासून देतोच की. पण मऊ मान ही सोय आहे, गंजवलेला स्क्रू ही सोय नाही. दोन्ही एकाच पावतीत का?

“आवाज मोकळा होतो.” इथे मात्र मी ऐकून घेत नाही. बास गिटारचा आवाज लोखंडी तारेतून आणि तारेखालच्या चुंबकाच्या वेटोळ्यातून निघतो. तार थरथरली की वेटोळ्यात वीज उठते, ती ॲम्प्लिफायरमध्ये जाते. भरीव लाकडाच्या पाठीवर बकलाचा खरचटा असला काय, नसला काय, त्या विजेला पत्ता लागत नाही.

आणि मग त्यानं जे सांगितलं ते सगळ्यात वजनदार होतं. म्हणाला, “आजच्या वाद्यांवर पॉलिस्टर किंवा पॉलियुरेथेनचा जाड थर असतो. मी तीस वर्षं वाजवली तरी नानांसारखी होणार नाही. चकाकत राहील, नाहीतर काचेसारखा टवका उडेल.” हे अगदी बरोबर आहे. फेंडरची जुनी वाद्यं नायट्रोसेल्युलोजच्या पातळ लाखेची असत. ती लाख घामानं मऊ पडते, थंडी-उन्हानं तडकते, हाताखाली विरत जाते. 1968 च्या सुमारास कंपनी पॉलिस्टरकडे वळली आणि वाद्यं टणक झाली. म्हणजे ज्या पोराला खरोखर झिजवायची इच्छा आहे त्याला झिजण्यासारखं वाद्यच सहजी मिळत नाही. यावर माझं उत्तर साधं आहे. पातळ लाखेची नवी, कोरी बास घे. मिळते. मग वाजव. वीस वर्षांनी ती काय झाली ते बघ.

शेवटी तो म्हणाला, “मामा, मला ती तशी दिसायला आवडते, बस.” हे उत्तर मला सगळ्यात जास्त आवडलं, कारण त्यात आवाजाचा आणि वारशाचा कांगावा नाही. आवड ज्याची त्याची. पण मग एवढं कबूल करायला हवं की जे आवडलं आहे ते दुसऱ्या कुणाचं तरी आयुष्य आहे.

कुणाचं, तर जॅको पास्टोरियसचं. बास वाजवणाऱ्यांत त्याचं नाव कानाला हात लावून घेतात. 1962 ची जॅझ बास त्यानं घेतली, तिच्या पट्ट्यांच्या रिकाम्या खाचा भरल्या आणि त्यावर होडीला लावतात तो इपॉक्सी चढवला. त्या गुळगुळीत मानेवरून त्यानं बासला गळा दिला. पुढे मनाचा आजार, दारू, न्यूयॉर्कच्या बागेत उघड्यावर काढलेले दिवस. त्या काळात त्याची बास फुटून तुकडे झाले, जोडून घेतली, आणि 1986 साली त्याच बागेतून चोरीला गेली. पुढच्याच वर्षी एका क्लबाबाहेर झालेल्या मारहाणीनंतर तो गेला, वय 35. ती बास वीस वर्षांनी 2006 मध्ये सापडली आणि 2010 मध्ये मेटॅलिका या बँडच्या रॉबर्ट ट्रुहियोनं पैसे मोजले तेव्हा तिच्या मालकीचा वाद निवळला. आणि या बासची झिजवलेली प्रतिकृती कंपनीच्या कस्टम शॉपनं विक्रीला काढली. उडालेल्या रंगासकट. त्या माणसाची दशा मी वाचली आहे आणि ती प्रतिकृती काचेत टांगलेली पाहवत नाही.

जेम्स जेमर्सनचंही असंच. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या असंख्य गाण्यांखाली त्याची 1962 ची प्रिसिजन बास वाजते. एकाच बोटानं वाजवायचा आणि तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही. जुन्या, मळलेल्या तारेचा ठोका बोथट पडतो, आणि त्याला तोच हवा होता. त्याच्या झिजेचं काम होतं, ती कानाला ऐकू यायची. 1983 साली त्याच्या मृत्यूच्या काही दिवस आधी ती बास चोरीला गेली, ती आजवर सापडलेली नाही.

आपल्याकडे वाद्याच्या झिजेकडे कसं पाहतात ते मिरजेत जाऊन बघावं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथली घराणी त्याच्या कितीतरी आधीपासून हे काम करत आली आहेत. तानपुऱ्याची तार घोडीवर सतत घासते, घोडीला खाच पडते आणि जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, उतरते. मग कारागीर कानसीनं घोडी हळूहळू घासतो, तारेखालचं सूत सरकवतो, ऐकतो, पुन्हा घासतो. जवारी परत येते. म्हणजे झीज आली की ती दुरुस्त करायची, वाद्याला पुन्हा बोलतं करायचं. जुन्या तानपुऱ्याचा मान मोठा, पण तो त्याच्या आवाजाचा मान आहे. आमच्या पश्चिमेच्या डोंगरपट्टीत डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात जी पावरी वाजते तिचा भोपळाही हाताखाली काळाभोर होतो. तो भोपळा आधीच काळा करून विकावा असं अजून कुणाला सुचलेलं नाही, आणि सुचू नये.

आता कुणी म्हणेल, एका गिटारीवरून एवढं कशाला? तर हे गिटारीपुरतं नाही. महामार्गावर नव्या ढाब्याच्या सिमेंटच्या भिंतीला शेणाचा रंग देतात आणि शेजारच्या गावात खरं धाब्याचं घर पाडून त्याचं सागवान घनफुटावर विकतात. पितळेची कालची समई नवसागर लावून हिरवट करतात आणि आजीची म्हणून खपवतात. आणि विटक्या जीन्सचं तर सगळ्यांना माहीत हवं. तो विटका रंग यावा म्हणून कापडावर जोरानं वाळू मारत. तुर्कस्तानात हे काम करणाऱ्या तरुण मजुरांच्या छातीत ती धूळ बसली, सिलिकोसिसनं माणसं मेली आणि 2009 मध्ये सरकारला त्या पद्धतीवर बंदी घालावी लागली. वापरल्यासारखी दिसावी म्हणून जी विजार घासली, तिच्यापायी माणसांची फुप्फुसं गेली. झीज कुठेच फुकट तयार होत नाही.

मला सगळ्यात खुपतं ते वेगळंच. ज्यांच्या वाद्यांना खरी झीज आहे त्यांना ती दाखवायची सोय नाही. लग्नाची सुपारी द्यायला आलेला माणूस आधी गाडी बघतो, मग ड्रेस बघतो, मग वाद्यं बघतो. “सामान जुनं वाटतं तुमचं,” एवढं म्हटलं की दोन-तीन हजार तिथेच कमी होतात. म्हणून तिथी सुरू व्हायच्या आधी बँडवाले पितळी वाद्यं चिंचेनं घासून लखलखीत करतात, ढोलकीला नव्या दोऱ्या ओढतात, कीबोर्डच्या तुटलेल्या कोपऱ्याला स्टिकर लावतात. पुण्या-मुंबईत ज्या खुणांना लाखाचा भाव, त्याच खुणा साक्रीत अंगावर असल्या की मजुरी कापली जाते. तीच कळा, तोच उघडा पडलेला काठ. फरक फक्त कुणाच्या गळ्यात वाद्य आहे याचा. हा हिशोब मला अन्यायाचा वाटतो आणि मी तो अन्यायच म्हणणार.

नानांनाही हा हिशोब पाठ आहे. आखाजीच्या मुहूर्ताच्या आधी त्यांना बास रंगवून घ्यायचीच होती. भाचा आणि मी सोबत गेलो. मोटरसायकली रंगवणारं गॅरेज. पेंटरनं तारा सोडवलेली बास लाकडी घोड्यावर आडवी ठेवली आणि विचारलं, “ड्युको मारू ना?”

भाच्यानं माझ्याकडे पाहिलं. ड्युको हे ड्युपाँ कंपनीचं 1923 मधलं नाव. मोटारींसाठी बनवलेली नायट्रोसेल्युलोजची लाख. फेंडर कंपनी आपल्या पहिल्या बासवर जी लाख मारत होती ती याच जातीची. पुण्यात ज्या पातळ लाखेच्या नावानं पोरं हळहळतात, ती आमच्या गॅरेजात अजून डब्यातून, थिनर घालून, मडगार्डवर मारतात. तिचं नावही कुणी बदललेलं नाही.

पेंटरनं पुट्टी कालवली. काठावरचं उघडं लाकूड भरलं, टोकाची ठेच भरली, पाठीवरचे खरचटे भरले. पंचवीस वर्षं अर्ध्या तासात पांढऱ्या लगद्याखाली गेली. भाच्याला ते बघवेना. “नाना, कशाला बुजवता? राहू द्या ना,” तो म्हणाला. नाना म्हणाले, “भाऊ, तुमले चालस, आमले नही चालत.”

पेंटरचा हात अंगठ्याच्या खळग्यापाशी आला. पुट्टीची पाती टेकणार तेवढ्यात नानांनी त्याचं मनगट धरलं.

“ते नको भरू. रात्री गाडीवर लाइट नसते. अंगठा तिथे बसला की मला कळतं हात कुठे आहे.”

पेंटरनं खिशातून मास्किंग टेप काढली, रुपयाएवढा गोल तुकडा कापला, त्या खळग्यावर नीट दाबून चिकटवला आणि फवाऱ्याची बंदूक उचलली.